गाठ साधी, तपास मात्र पुरा
‘चरबीची गाठ आहे, काही होत नाही,’ असे कुकटपल्लीतील आपल्या घरांत सहज म्हटले जाते. बहुधा ते खरेही ठरते. परंतु मनगटाशी वा घोट्याशी, टेंडनच्या आवरणात होणारी मेदगाठ दुर्मीळ असते. ती कर्करोग नव्हे; तरी बोटांची हालचाल अडवू शकते, मज्जातंतूवर दाब आणू शकते. ३ वर्षांखालील बालकातील वाढती मऊ गाठ लायपोब्लास्टोमा असू शकते. तीही सौम्यच, मात्र अपुरी काढल्यास पुन्हा उद्भवू शकते.

म्हणून पालकांनी गाठ चोळू नये, घाबरूही नये. आपण डॉक्टरांनी सोनोग्राफी, आवश्यक तेथे एमआरआय करावा आणि काढलेली प्रत्येक गाठ सूक्ष्मदर्शकीय तपासणीस पाठवावी. तिथला खर्च वाचवणे ही काटकसर नव्हे. पालकांना आपला अंदाज नको, निदान हवे असते.