नाताळचे ताट

ज्वारी हुरड्यास आली, थंडी पडू लागली, म्हणजे बोरीसारख्या गावांतील ख्रिस्ती घरांतही कढई चुलीवर चढते. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे! दिवाळीचा व नाताळचा फराळ आपल्या मुलखात एकाच परातीतला आहे आणि त्यात आम्हांस काही वावगे वाटत नाही. वावगे वाटते ते निराळेच.

शेजारी पाठवावयाचे फराळाचे ताट हल्ली दिसेनासे होत चालले असून त्याच्या जागी दुकानातील मिठाईचा रंगीत पुडा येऊ लागला आहे. वेळ नाही, तेलतूप महाग, पुडा नीटनेटका दिसतो, अशी कारणे पालक सांगतात व ती खोटी नाहीत. परंतु आणखी एक कारण आहे, ते कोणी मोठ्याने बोलत नाही. दुकानचा पेढा कोणत्याही घरी बिनबोभाट खाल्ला जातो; आमच्या चुलीवरच्या करंजीविषयी तशी खात्री नसते.

हे लिहिणे कित्येकांस रुचणार नाही. पण कोणाच्या हातचे खावे हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे आणि तो विद्यार्थ्यांपासून झाकून ठेवण्यात हशील नाही. मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग प्रभृतींनी स्थापिलेल्या परमहंस सभेत नव्या सभासदास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे, तोही गुप्तपणे. सभासदांची नावे फुटताच सभा मोडली. पुढे १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक इत्यादि मंडळींपुढे चहा व बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध केली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. एका पेलाभर चहापायी येवढे!

ते पुणे आज राहिले नाही. आमच्यांपैकी पुष्कळांचे पूर्वज ज्या वस्त्यांतून आले, त्या वस्त्यांना सार्वजनिक पाणवठाही बंद असे. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. तथापि कलम विहिरीवर चालते, उपाहारगृहात चालते. शेजारच्या माजघरात कोणती करंजी मुलांच्या हाती पडते व कोणती गुरांच्या पुढ्यात जाते, हे पाहावयास शिपाई जाऊ शकत नाही, आणि जाऊही नये. तेथे ताटच जाऊ शकते. पुडा पाठविला म्हणजे नकार मिळत नाही हे खरे, पण होकारही मिळत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. दिवाळीचे ताट दारी आले असता कपाळास आठी घालणारे लोक आमच्यांतही आहेत. त्यांनी नाताळात शेजाऱ्यांविषयी कुरकुर करू नये, येवढेच आमचे म्हणणे. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला तेथे दिवाळीचा फराळ तळीत नाहीत, शेजारी व आप्त आणून देतात. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या गोडाविषयी अगदी हाच रिवाज आहे. अशा घरी दुकानचा पुडा नेऊन ठेवणे आम्हांस तरी कोरडेपणाचे वाटते.

आता थोडे व्यवहाराचे. पाठवावयाची करंजी ओल्या नारळाची नसावी, ती दोन दिवसांत आंबते. सुक्या खोबऱ्याची आठवडाभर सहज टिकते. पदार्थ पुरता निवल्याशिवाय झाकू नये, वाफ धरली की शंकरपाळे मऊ पडतात. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजावे लागतात व पाणी रोज बदलावे लागते. म्हणून मुलांनी आईस आदल्या दिवशी अनारसे मागू नयेत! घरी मनुष्यबळ नसेल तर एकच जिन्नस करावा, पण तो घरचा असावा.

आणि तो कागदात नव्हे, पितळी ताटात, वर रुमाल झाकून, मुलामुलींच्या हाती पाठवावा. कागद फेकून देता येतो. ताट परत करावे लागते, आणि आपल्याकडे कोणी ते रिकामे परत करीत नाही; निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालतात. या दिवसांत मूठभर हुरडाही येईल.