थ्रेड : दार न वाजवणारी मोजणी

१/ २७ मार्च १९४३. नाझींच्या ताब्यातील ॲमस्टरडॅममध्ये पोलिसांच्या वेशातील काही जण नागरी नोंदणी कार्यालयात शिरले आणि त्यांनी ते पेटवून दिले. त्यांत चित्रकार, शिल्पकार होते. बारा जणांना १ जुलैला गोळ्या घालण्यात आल्या. त्या कार्यालयातील चोख नोंदी ज्यूंच्या धरपकडीला उपयोगी पडत होत्या. युद्धाअखेर नेदरलँड्समधील सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले.

२/ १९७१ च्या जनगणनेत हीच आठवण उफाळून आली. उत्तरे संगणकात जाणार म्हणून अनेकांनी प्रगणकाला दारातूनच परत पाठवले. १९८१ ची जनगणना रद्द झाली. घरोघरची मोजणी तिथे पुन्हा झाली नाही.

३/ हा लोकशाहीचा विजय मानला जातो. तो अर्धाच आहे. राज्यसंस्थेने मोजणे सोडले नाही, विचारणे सोडले. कार्यालयांतील नोंदी जुळवूनच आकडे निघू लागले. दारच वाजत नसेल तर नकार द्यायचा कोणाला?

४/ पुढे 'सिरी' आली (फोनमधली नव्हे). कर, घर, कर्ज, भत्ते अशा १७ प्रकारच्या माहितीची सांगड घालून सरकारी मदतीत कोण लबाडी करू शकेल, हे ही संगणकीय प्रणाली सुचवी. तिला आधार देणारा कायदा संसदेत चर्चेविना संमत झाला. अध्यक्षांचा हातोडा पडला, इतकेच. प्रणाली वापरली गेली ती गरीब वस्त्यांवर. संशयिताला कळवण्याचे बंधन नव्हते.

५/ रॉटरडॅमच्या दक्षिण भागातील रहिवासी कामगार संघटनेच्या साथीने उभे राहिले. जुलै २०१९ मध्ये तिथला प्रकल्प थांबला. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या न्यायालयाने खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग म्हणून तो कायदाच अवैध ठरवला. निकष उघड केले तर लोक वागणे बदलतील, हा सरकारचा बचाव टिकला नाही.

६/ निकाल थोर खरा, पण ज्यांची मोजणी झाली त्यांचे म्हणणे ऐकले गेले ते कायद्यानंतर सहा वर्षांनी. मसुदा होताना त्या वस्त्यांतील माणसे समोर बसायला हवी होती. कागदी कार्डे निदान जळत तरी होती. ब्लॉकचेनसारख्या, हजारो यंत्रांवर प्रती असलेल्या नोंदवहीत लिहिलेले पुसणेही दुरापास्त. तिथे आक्षेपाची वेळ लिहिण्यापूर्वीचीच.

७/ सरकारने त्या निकालाविरुद्ध अपील केले नाही. मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात कनिष्ठ सभागृहाने माहिती जोडण्याचे आणखी व्यापक विधेयक संमत केले. टीकाकार त्याला 'सुपर सिरी' म्हणतात.