डिस्कचे पैसे देतो, हबच्या सफाईचे का नाही?

किनारपट्टीवर वापरलेल्या गाडीची ब्रेक डिस्क बदलायची म्हटली की बहुतेक गॅरेजांत पहिला हात हातोडीकडे जातो. चाक उतरवले, कॅलिपर आणि त्याचा ब्रॅकेट सोडवला की डिस्क नुसती ओढून हातात यायला हवी. पण ती हबला अशी धरून बसलेली असते की जागची हलत नाही. डिस्क ओतीव लोखंडाची, हब पोलादाचा आणि दोघांमधली फट इतकी बारीक की आत शिरलेले पाणी लवकर वाळत नाही. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे त्या फटीत तो पाचरीसारखा घट्ट बसतो. मालवण, रत्नागिरी, अलिबाग, मुंबई, पणजी इथे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांची त्यात भर पडते. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडे राहणाऱ्या मराठी माणसांच्या गाड्यांना हेच दुखणे हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठामुळे जडते. सोलापूर-लातूरकडच्या कोरड्या हवेत हा त्रास तितका होत नाही.

माझे म्हणणे असे की जाम झालेली डिस्क काढणे हे नव्या डिस्कच्या बसवणीचेच पहिले अंग आहे. त्याला लागणारा वेळ बिलात स्वतंत्रपणे मांडला गेला पाहिजे आणि गाडीच्या मालकाने तो कुरकुर न करता चुकता केला पाहिजे. आज आपण नव्या डिस्कची किंमत देतो, पॅडची देतो आणि मजुरी मात्र ‘दोन डिस्क बदलल्या’ अशी ठोक ठरवतो. मग मिस्त्रीने जुनी डिस्क पाच मिनिटांत काढली काय किंवा तासभर खपून काढली काय, त्याच्या हातात पैसे तेवढेच पडतात. अशा हिशेबात हातोडी जिंकणारच.

‘डिस्क भंगारातच जायची आहे, मग ठोकली तर काय बिघडले?’ हा सवाल नेहमी येतो आणि वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. पण घाव डिस्कवर घातला तरी तो तिथेच थांबत नाही. हबमधून तो थेट चाकाच्या बेअरिंगला पोचतो आणि बेअरिंग भंगारात जायचे नसते. जोराच्या ठोक्याने आतल्या गोळ्यांचे खळगे त्यांच्या घासून गुळगुळीत केलेल्या मार्गावर उमटू शकतात. डोळ्यांना काही दिसत नाही, गाडी त्या दिवशी नीट चालते आणि घरघर पुढे केव्हातरी सुरू होते. त्यात २०१९ च्या एप्रिलपासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचे आहे. त्याचा सेन्सर हबच्या शेजारीच असतो आणि पुष्कळ गाड्यांत त्याची चुंबकी कडी बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेली असते. गॅसच्या ज्योतीने हब तापवणे तर त्याहून वाईट. बेअरिंगचे ग्रीस आणि सील दोन्ही त्यात जातात, शेजारी ब्रेक ऑइलची रबरी नळी असते आणि क्लोरीनयुक्त क्लीनर फवारलेला भाग तापला तर विषारी वायू तयार होतो.

खरी गोष्ट अशी की डिस्क बनवणाऱ्यांनी ती काढण्याची सोय बऱ्याच गाड्यांत करूनच ठेवली आहे. डिस्कच्या मधल्या टोपीवर चाकाच्या बोल्टांखेरीज दोन लहान भोके दिसतात, त्यांना आतून आटे असतात. पुष्कळ जपानी धाटणीच्या गाड्यांत त्यांत ८ मिमीचा, सव्वा मिमी पिचचा साधा बोल्ट बसतो. तो कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आधी डिस्क धरून ठेवणारे बारीक स्क्रू असतील तर ते काढायचे, मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकचे लायनर असेल तर हँडब्रेक सोडून ते सैल करायचे. मधल्या गोल उंचवट्याभोवती गंज सोडवणारे तेल सोडून त्याला मुरायला वेळ द्यायचा. मग दोन्ही बोल्ट हाताने लावून पान्याने अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे असे पिळत न्यायचे. बोल्टांची टोके हबवर रेटा देतात आणि डिस्क सरळ बाहेर ढकलली जाते. एका क्षणी ‘कट्ट’ असा आवाज होतो, तांबूस भुकटी खाली झडते आणि डिस्क मोकळी होते. आटे गंजून गेलेले असतील किंवा ही सोयच नसेल, तर हातोडी उचलावी लागते, हे मलाही मान्य आहे. पण ती शेवटी उचलायची आणि डिस्क फिरवत फिरवत चोहोबाजूंनी बेताचे ठोके द्यायचे.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि घाईत नेमका तोच सुटतो. डिस्क निघाली तरी गंजाचे पापुद्रे हबच्या सपाट तोंडावर राहतात. त्यावरच नवी डिस्क चढवली तर ती किंचित तिरपी बसते. तिथे एका बाजूला राहिलेला ०.०३ मिमीचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पातळ, पापुद्रा डिस्कच्या कडेला जवळपास दुप्पट डगमग निर्माण करतो. अनेक गाड्यांत कडेच्या डगमगीची मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते. ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या छोट्या गाडीचे चाक मिनिटाला ७०० हून अधिक फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात तिरपी डिस्क एकाच जागी पॅडला घासते, पाय ब्रेकवर नसतानाही. काही हजार किलोमीटरनंतर तिची जाडी जागोजाग कमी-जास्त होते आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागते. तेव्हा सगळे म्हणतात, डिस्क वाकली, माल हलका होता. मालक पुन्हा नवी डिस्क घेतो किंवा आहे तीच लेथवर फिरवून घेतो. हब तसाच राहतो, म्हणून थरथर परत येते. दोष इतक्या उशिरा दिसत असल्यामुळे तो त्या दिवशीच्या घाईशी कोणी जोडत नाही.

गॅरेजवाल्यांचा आक्षेप रास्त आहे: गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजशी दर ताडून पाहते, जास्त मजुरी मागितली तर गाडी तिकडे जाते. म्हणूनच हे ओझे एकट्या मिस्त्रीवर टाकून चालणार नाही. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन हब चकचकीत करायला एका चाकामागे पंधरा-वीस मिनिटे लागतात. डायल गेजने डगमग मोजायला आणखी थोडी. अंदाजपत्रकात ‘हब सफाई व तपासणी’ अशी वेगळी ओळ असेल तर दर कशाचा आहे हे गिऱ्हाइकाला कळते आणि शेजारच्या गॅरेजलाही तेच विचारता येते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हे आपोआप होत असेल असे धरून चालू नये. तिथेही काम मिनिटांत मोजले जाते. मालकाने नवी डिस्क चढण्याआधी उघडा हब स्वतः पाहावा किंवा त्याचा फोटो मोबाइलवर मागवावा. हबचे सपाट तोंड स्वच्छ धातूचे दिसले पाहिजे, त्यावर ग्रीस नको. मधल्या उंचवट्यावर मात्र, गाडीच्या मॅन्युअलमध्ये मनाई नसेल तर, गंजरोधक पेस्टचा पातळ हात फिरवलेला असावा, म्हणजे पुढच्या वेळी हीच डिस्क काढणाऱ्याला हातोडी शोधावी लागणार नाही.