‘क्रोकरी युनिट’ : एका नामांतराची किंमत

सातारा आणि सांगली या दोन शहरांतील नव्या बंगल्यांत व मोठ्या सदनिकांत गेल्या काही वर्षांत एक वस्तू सर्रास दिसू लागली आहे. गोडोली-शाहूपुरीकडे दिसते, तशीच विश्रामबागेकडेही दिसते. ती म्हणजे घरातला बार. आणि ज्यांच्या घरी तो आहे त्यांच्या तोंडी एक तक्रारही ठरलेली असते : कंत्राटदाराने फसवले. काम मुदतीत केले नाही, सांगितले तसे केले नाही, पैसे मात्र पुरते घेतले. मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या संभाषणात कंत्राटदार हे हुकमी खलपात्र आहे. त्याला शिव्या देण्यात सर्वांचे चटकन एकमत होते. आमचा या एकमताला विरोध आहे. घरगुती बारच्या बाबतीत या तक्रारींचे मूळ बहुतांशी कंत्राटदाराच्या लबाडीत नसून मालकाच्या शब्दलबाडीत आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि हे मालक पुष्कळदा आमच्याच व्यवसायातले, भाषा शिकवून पोट भरणारे असल्यामुळे या प्रश्नाची चर्चा साहित्याच्या वाचकांपुढे करणे आम्हांला अप्रस्तुत वाटत नाही.

प्रथम दोन उदाहरणे पाहू. सांगलीतील आमच्या परिचयाच्या एका प्राध्यापकांनी हॉलच्या कोपऱ्यात बार करवून घेतला. त्यांच्या मनात होते ते असे : उभ्याने टेकता येईल असा सुमारे ४२ इंच उंचीचा कट्टा, त्याला पाय ठेवण्यासाठी दांडी, ग्लास उलटे टांगण्याची पट्टी, मागे बाटल्यांचे कप्पे आणि एक लहान बेसिन. कंत्राटदाराच्या एस्टिमेटमध्ये मात्र एवढीच ओळ होती : ‘हॉल - क्रोकरी युनिट, १ नग’. ही ओळ कंत्राटदाराने आपल्या मनाने लिहिलेली नव्हती. मालकांनीच ती तशी लिहायला सांगितली होती. सुताराने काचेची दारे असलेले एक नेटके कपाट केले. कपबश्या आणि ताटल्या ठेवण्यासाठी कप्प्यांत १० इंचांचे अंतर सोडले. वाइनची बाटली साधारण १२ इंच उंच असते. परिणामी त्या घरातल्या सगळ्या बाटल्या आज आडव्या ठेवलेल्या आहेत. मालक म्हणतात फसवणूक झाली. कंत्राटदार म्हणतो, ‘सर, क्रोकरीला दहा इंच पुष्कळ झाले.’ कागदापुरते बोलायचे तर कंत्राटदाराचे म्हणणे बिनतोड आहे.

दुसरे उदाहरण साताऱ्याचे. तेथे बारचे नामकरण ‘स्टडी युनिट’ असे झाले होते. त्यात बेसिन हवे होते. पण स्टडी युनिटमध्ये बेसिन कशाला, हा प्लंबरचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे खरे उत्तर कोणी त्याला दिले नाही. सांडपाण्याची नळी फरशी बसण्यापूर्वी टाकावी लागते. ती टाकली गेली नाही. पुढे बेसिन बसले, त्याखाली बादली ठेवावी लागली, आणि बादलीच्या ओलाव्याने काही महिन्यांत प्लाय फुगला. प्लायवुडमध्ये दमटपणा सोसणारा साधा प्लाय आय. एस. ३०३ या मानकाचा आणि पाण्याला टिकणारा, ज्याला बाजारात ‘मरीन’ म्हणतात, तो आय. एस. ७१० या मानकाचा. एस्टिमेटमध्ये ‘प्लाय १९ एमएम’ एवढेच होते. पाण्याजवळचे काम आहे हेच जेथे लपवलेले, तेथे पाण्याला टिकणारा प्लाय मागणार कोण? २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर ज्या सांगलीने पाहिले, तेथील माणसाला तरी लाकूड आणि पाणी यांचे नाते समजावून सांगण्याची गरज पडू नये.

कंत्राटदार साधुसंत असतात असे आम्हांला सुचवायचे नाही. निम्म्याहून अधिक उचल घेऊन कारागीर दुसऱ्या साइटवर हलवणे, दाखवायचा नमुना एक आणि लावायचा माल दुसरा, ‘अंगावर’ घेतलेले काम तिसऱ्याच्या अंगावर ढकलणे, पक्के बिल मागितले की कर वेगळा पडेल म्हणून धाक घालणे, हे सर्व प्रकार घडतात. पण हे प्रकार स्वयंपाकघराच्या ओट्याबाबत घडले तर गृहिणी भांडते, कारण ओट्याला ओटा म्हटलेले असते. लांबी, उंची, दगड, उतार, सारे बोलून झालेले असते. बारबाबत भांडता येत नाही. चारचौघांत भांडायचे तर वस्तूचे नाव घ्यावे लागते, आणि नाव तर घ्यायचे नसते. लबाड कंत्राटदाराला हे पक्के ठाऊक असते. ज्याची मागणी गुप्त आहे त्याची तक्रारही गुप्तच राहणार, हे तो पहिल्या भेटीतच ओळखतो आणि त्या हिशेबाने उचल मागतो.

मग नाव का घेतले जात नाही? कारणे विचारली की पहिले येते ते कायद्याचे. हे कारण खोटे आहे. घरात कट्टा, कप्पे आणि बेसिन बांधायला कोणत्याही परवान्याची गरज नाही. परवाना लागतो तो मद्य बाळगायला आणि प्यायला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे, आणि ज्या राज्यात दुकानातून उघड दारू विकली जाते तेथे पिणाऱ्याने या ‘बंदी’च्या कायद्याखालीच परवाना घ्यायचा असतो. त्या परवान्यामागची कल्पनाही अशी की मनुष्य आरोग्य राखण्यासाठी पितो. तेव्हा नामांतराचा हा रोग घरात शिरण्याआधी सरकारी कागदांत शिरलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण सरकारच्या दांभिकपणाने सुताराचा कप्पा दोन इंचांनी वाढत नाही.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. वडीलधारे काय म्हणतील, संस्थेत कळले तर काय होईल, विद्यार्थी घरी येतात. हे कारण खरे आहे आणि म्हणूनच ते तपासले पाहिजे. ज्या सांगली जिल्ह्यात तासगावची द्राक्षे पिकतात, जेथे शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर पलूसला वाइन पार्क उभारले गेले, तेथल्या सुशिक्षिताला बाटली ठेवण्याच्या कपाटाचे नाव उच्चारता येत नाही. दारू वाईट आहे असे ज्याला मनापासून वाटते तो बार बांधत नाही. त्याच्याशी आमचे भांडण नाही. दारूत गैर काही नाही असे ज्याला वाटते त्याने बार म्हणावे, त्याच्याशीही नाही. आमचे भांडण आहे ते वर्गात एक आणि हॉलमध्ये दुसरे अशा मधल्या माणसाशी.

हा मधला माणूस ‘एकच प्याला’ शिकवतो. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाचे आपल्याकडील अध्यापन शंभर वर्षांनंतरही बहुधा एकाच वाटेने जाते : दारूचे दुष्परिणाम, सिंधूचे पातिव्रत्य, सुधाकराचा अधःपात. विद्यार्थी हे मुद्दे पाठ करतात आणि गुण मिळवतात. पण त्याच नाटकात तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे, याकडे केवळ विनोदी उपकथानक म्हणून पाहिले जाते. आमच्या मते ते अधिक गंभीरपणे वाचले पाहिजे. आपण दारू पितो हे उघड सांगणारे, त्यासाठी मंडळ काढून त्याला भारदस्त नाव देणारे हे लोक हास्यास्पद आहेत खरे. परंतु गडकऱ्यांनी त्यांच्या मंडळाच्या नावात ‘मदिरा’ हा शब्द ठेवला आहे. आज तळीराम आमच्यात असता तर त्याला ‘आर्य क्रोकरी मंडळ’ असे नाव सुचवण्यात आले असते. नाटकाला नीतिपाठ करून टाकण्याचा हा परिणाम आहे. दारू हा विषय वर्गात फक्त निषेधाच्या सुरात बोलता येतो; त्यामुळे घरात तो बोलताच येत नाही.

तिसरे कारण विश्वासाचे सांगितले जाते. ‘आमचा सुतार ओळखीचा आहे, लेखी कशाला?’ त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे ते ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा युक्तिवाद टिकणारा नाही हे कळायला हवे. गावचा सुतार कागदाशिवाय काम करी, कारण तो आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहत, त्याला काय मिळणार हे रूढीने ठरलेले असे आणि कुचराई झाली तर गाव पाहत असे. त्या व्यवस्थेत अन्यायही भरपूर होता. पण तोंडी शब्दामागे साक्षीदार होते. आजचा कंत्राटदार तीन तालुक्यांत कामे घेतो, त्याचे कारागीर बहुधा परप्रांतातून आलेले असतात, आणि मालकाने तर गावाला कळू नये याचीच काळजी घेतलेली असते. साक्षीदार नाहीत, रूढी नाही, कागदावर खोटे नाव. अशा व्यवहाराला विश्वास म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे.

येथे जोतीराव फुल्यांची आठवण करणे अपरिहार्य आहे. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत, हे आपण अनेकदा विसरतो. दगड, चुना, मजुरी यांचा हिशेब त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होता, म्हणूनच सरकारी बांधकाम खात्यातील लबाडीवर आणि मजुरांच्या पिळवणुकीवर ते नेमकेपणाने लिहू शकले. आणि पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी लेखी तक्रार केली. त्यांचे मत आजच्या बारमालकाला पटणार नाही, पण त्यांची रीत घेण्याजोगी आहे. ज्या गोष्टीबद्दल बोलायचे तिचे नाव घ्यायचे आणि ते कागदावर घ्यायचे.

ही रीत आज कोणाकडे उरली आहे? विद्यापीठांपेक्षा ती खेड्यांतल्या स्त्रियांकडे अधिक आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी कौल दिला तर तेथले दारूचे दुकान बंद करता येते, आणि या मतदानाची चिन्हे आहेत ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’. त्यांत कोठेही आडपडदा नाही. जिला सहीही नीट करता येत नाही अशी बाई नवऱ्याच्या, दुकानदाराच्या आणि पुढाऱ्याच्या देखत बाटलीला बाटली म्हणते, आणि तिच्या मताला कायद्याचे बळ मिळते. आणि मराठीचा एम. ए. झालेला माणूस आपल्याच घरात, आपल्याच पैशाने, सुतारापुढे तो शब्द उच्चारत नाही. त्याच्या घरची बाटली आडवी झाली आहे, पण ती १० इंचांच्या कप्प्यामुळे.

यावर एक आक्षेप येईल : घरातली गोष्ट खाजगी असते, तिची दवंडी का पिटावी? आक्षेप योग्य आहे, पण तो आम्हांला लागू नाही. खाजगीपणा म्हणजे तिसऱ्याला न सांगणे. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे त्याला खोटे सांगणे हा खाजगीपणा होत नाही. एस्टिमेट वर्तमानपत्रात छापले जात नाही. ते दोन माणसांमधले असते. त्या दोघांत तरी शब्द आणि वस्तू यांचा मेळ असावा, एवढीच अपेक्षा आहे.

कायद्यानेही तोच मेळ मागितला आहे. १८७२ च्या करार कायद्याने तोंडी करारही सर्वसाधारणपणे वैध असतो; प्रश्न तो सिद्ध करण्याचा असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते. पण तेथे ‘क्रोकरी युनिट, १ नग’ हा कागद दाखवून ४२ इंची कट्टा कसा मागणार? ज्याने योग्य नाव लिहिले, मापे लिहिली, प्लायचे मानक लिहिले, नळीची जागा आराखड्यावर दाखवली, कामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे आणि पूर्ण होण्याची तारीख लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, त्याच्यापुढे लबाड कंत्राटदाराचे फारसे चालत नाही. आणि प्रामाणिक कारागिराला तर हेच हवे असते. नेमके काय करायचे हे न कळल्यामुळे पुन्हा तोडून करावे लागणारे काम त्याच्याच मजुरीतून जाते.

शेवटी आमच्या व्यवसायबंधूंना एक सूचना. पदवीच्या वर्गांना आपण ‘व्यावहारिक मराठी’ शिकवतो. त्यात अर्ज, इतिवृत्त, जाहिरात आणि बातमी असते. घर बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसाला आयुष्यात हमखास लागणारा कागद, म्हणजे कामाचा तपशील आणि करारपत्र, त्यात सहसा नसतो. तो घालावा. विद्यार्थ्यांना एखाद्या साध्या वस्तूचे, कपाटाचे म्हणा, असे वर्णन लिहायला लावावे की न पाहिलेल्या सुताराने ते वाचून नेमकी तीच वस्तू करावी. मराठी गद्याची याहून कठोर परीक्षा आम्हांला माहीत नाही. आणि ज्या प्राध्यापकांना उदाहरणादाखल घरातल्या बारचे वर्णन द्यावेसे वाटेल त्यांनी ते खुशाल द्यावे. फक्त शीर्षकात ‘बार’ असे लिहावे.