चप्पल हा इलाज नव्हे

‘फ्रिजला हात लावण्याआधी पायात चप्पल घाल,’ ही सूचना अनेक जुन्या घरांत नव्या सुनेला, पाहुण्यांना आणि कामाला येणाऱ्या ताईंना पहिल्याच दिवशी मिळते. फ्रिजच्या दाराला झिणझिण्या येतात हे घरात सगळ्यांना ठाऊक असते आणि सवयीचेही झालेले असते. पण ते लक्षण आहे. उपकरणातून गळणाऱ्या विजेला जमिनीत उतरायला अर्थिंगची वाट मिळत नाही, म्हणून ती माणसाच्या शरीरातून जाते.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरांचे वायरिंग एक दिवा आणि फार तर मिक्सर डोळ्यांपुढे ठेवून झाले. आज त्याच ओट्यावर २००० वॅटची इंडक्शन शेगडी, १५०० वॅटची किटली आणि १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह असतो. तिन्ही एकदम चालू केले तर २३० व्होल्टवर २० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. जुन्या बारीक वायरला तो झेपत नाही. फ्यूज उडतो, मग कोणी तरी त्यात जाड तार घालून देतो. त्यानंतर तापते ती भिंतीतली वायर.

शरीराचे गणित मात्र अँपिअरचे नसून मिलिअँपिअरचे आहे. साधारण १ मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. १० ते १५ च्या आसपास हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सुटत नाही. ५० ते १०० च्या पुढचा प्रवाह छातीतून काही क्षण गेला, तरी हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते आणि रक्ताभिसरण थांबते. कोरडी त्वचा विजेला बराच विरोध करते. हात ओले असले की शरीराचा रोध साधारण १००० ओहमपर्यंत उतरतो आणि २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. स्वयंपाकघरात हात ओले असतात, पाय अनवाणी असतात आणि दुसरा हात बरेचदा स्टीलच्या सिंकवर असतो.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हे समाधान इथे अपुरे पडते. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला मारायला पुरेसा प्रवाह त्याच्या लेखी किरकोळ आहे, तो पडतच नाही. माणसासाठी लागतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो आणि तफावत दिसताच क्षणार्धात वीज तोडतो. अर्थिंग नसले तरी तो काम करतो. अर्थिंग असले तर बिघाड होताक्षणीच, कुणाचा हात लागण्याआधी, तो पडतो. फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा एकदम हाताला लागल्या, तर मात्र त्याला काही कळत नाही. म्हणून चांगल्या वायरिंगला पर्याय नाही.

स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना टाइल्स, ग्रॅनाइट आणि ट्रॉल्यांनंतर उरलेल्या पैशांत वायरिंग उरकले जाते. क्रम उलटा हवा. आधी सगळ्या उपकरणांचे वॅट कागदावर लिहावेत, एकाच वेळी काय काय चालणार ते ठरवावे. गरम करणाऱ्या उपकरणांना थेट बोर्डापासून स्वतंत्र, जाड तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचे सॉकेट द्यावे. सॉकेट सिंक आणि शेगडीपासून दूर असावे. तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची तार खरोखर जोडलेली आहे का, हे परवानाधारक तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावे. अनेक जुन्या घरांत ते तिसरे भोक रिकामेच असते. अर्थ नळाच्या पाइपला किंवा न्यूट्रलला जोडणे तर त्याहून धोक्याचे.

‘इमारत पुनर्विकासाला जाणारच आहे, आता कशाला खर्च?’ हा युक्तिवाद ओळखीचा आहे. त्या ‘आता’त कित्येक वर्षे निघून जातात. भिंती न फोडता केसिंगमधून नवी वायर ओढता येते, मुख्य बोर्डावर आरसीसीबी बसवता येतो. त्याचा खर्च ट्रॉल्यांच्या खर्चापुढे नगण्य आहे. इमारतीचे अर्थिंग ही सोसायटीची किंवा मालकाची जबाबदारी आहे आणि ती बैठकीत ठणकावून मांडायला हवी. कारण या ओट्याशी दिवसभर उभी असते ती घरातली बाई किंवा कामाला येणारी. वायरिंगचा निर्णय घेताना मात्र तिला क्वचितच विचारले जाते.

शॉक बसून कोणी चिकटले तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच हात लावावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करून १०८ ला फोन करावा. माणूस शुद्धीवर असला, पण छातीत धडधड किंवा चक्कर असली, तरी ईसीजी काढून घ्यावा. आणि उद्या फ्रिजला झिणझिण्या आल्या, तर चप्पल शोधू नये. बोर्डावरून वीज बंद करून वायरमनला बोलवावे.