मूलोच्छेदाविना वनरक्षण नाही

वनौषधींचा तुटवडा हा आपल्या व्यवसायातील नित्याचा विषय. शतावरी बारीक येते, अनंतमूळ वेळेवर मिळत नाही, भाव वाढतात आणि मागोमाग भेसळ शिरते. याचा दोष आपण अतिसंकलनास देतो आणि तो यथार्थही आहे. परंतु वनात उघड दिसणारे दुसरे कारण आपल्या चर्चेत क्वचितच येते.

विद्यार्थिदशेत द्रव्यगुणाच्या सहलीत सह्याद्रीच्या ज्या उतारावर आम्ही शतावरी प्रथम ओळखली, तेथे गेल्या पावसाळ्यात पुन्हा जाणे झाले. पायवाटही उरली नव्हती. पुरुषभर उंच घाणेरी, कडेने रानमोडी. सोबतचे वृद्ध संकलक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुळ्या असतील बी आत, पन शिरायचं कसं?"

घाणेरी मूळची उष्ण अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेसाठी भारतात आणली गेली. तिचा पाला यकृतास घातक असल्याने गुरे तिला सहसा टाळतात; पक्षी मात्र फळे खाऊन बी दूरवर नेतात. तिच्या दाट जाळीखाली प्रकाश पोहोचत नाही आणि हिरडा-बेहड्याची रोपे वर येत नाहीत.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात दोष आणि वृक्ष यांस एकच न्याय लावला आहे: मूळ शाबूत असेल तर पुनरुद्भव ठरलेला. कोयत्याने छाटणे वा जाळणे हे केवळ शमन होय. घाणेरी बुंध्यातून पुन्हा फुटते. शोधनाचा मार्ग दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी दाखविला. जमिनीखाली काही सेंटीमीटरवर मुख्य मूळ तोडून झुडूप उपटावयाचे व उलटे ठेवावयाचे. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात ही पद्धत वापरली गेली. हे काम फळे पिकण्यापूर्वी आणि उतारावर टप्प्याटप्प्याने करावे, अन्यथा माती वाहून जाते. शोधनानंतर जसा संसर्जनक्रम, तसे येथेही स्थानिक गवत व वृक्ष लावून, नव्याने उगवणारी घाणेरीची रोपे काही वर्षे उपटत राहावे लागते.

घाणेरीच औषधात आणावी, असे काही व्यवसायबंधू सुचवितात. जगात अनौषध द्रव्य नाही, हे मान्य. पण ते युक्तीने योजल्यास. ज्या वनस्पतीस बाजार मिळेल, ती समूळ काढण्यास कोण धजेल? कर्नाटकातील सोलिगा कारागीर तिच्या काड्यांपासून खुर्च्या, टोपल्या बनवितात. काढलेल्या झुडपांचा असा विनियोग अवश्य व्हावा.

औषधनिर्मात्यांना माझी विनंती एवढीच. ज्या गावाच्या वनातून आपण कच्चा माल घेतो, तेथील ग्रामसभेस वनविभागाच्या अनुमतीने किमान तीन वर्षे या कामाची मजुरी द्यावी. वैद्यांनीही आपल्या परिसरातील एक तुकडा दत्तक घ्यावा. मालाचा भाव आपण मोजतोच. तो जेथून येतो त्या वनाच्या चिकित्सेचा खर्चही आता आपल्या हिशेबात धरावयास हवा.