मैफलीतला दरबार
पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात किंवा मुलुंडच्या कालिदासमध्ये शास्त्रीय गायनाला जाताना कोणता पोशाख करावा, हा प्रश्न आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. पैठणी हौसेने नेसावी, रेशमी झब्बा हौसेने घालावा. आमची हरकत आहे ती त्यांना रसिकतेचे प्रमाणपत्र मानण्याला. ‘ही परंपरा आहे’ म्हणणाऱ्यांनी ती कोणाची, हेही सांगावे. पोशाखाचा दंडक दरबाराचा. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला आणि १९०८ साली मुंबईत गांधर्व महाविद्यालय काढले, ते गाणे सामान्यांपर्यंत नेण्यासाठी. १९५३ साली पुण्यात सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र जागणाऱ्यांचा पोशाख थंडीने ठरवला. शाल, स्वेटर, कानटोपी. त्याने गाण्याचा कोणता अवमान झाला?

कचेरीतून सुटून, लोकलच्या गर्दीत चुरगळलेल्या शर्टानिशी येणारा श्रोता विलंबित ख्याल चुकू नये म्हणून धावत आलेला असतो. त्याच्याकडे वळणारी तिरकी नजरच आम्हांला बेसूर वाटते. बांगड्या वाजू नयेत, अत्तराने शेजारी गुदमरू नये, एवढाच नियम गाण्याच्या कामाचा. पलुसकर ज्या दरबारातून गाणे बाहेर घेऊन आले, तो उपनगरांतल्या नाट्यगृहांत पुन्हा भरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.